टोमॅटोची वेडीवाकडी फळे : कारणे व उपाय

माघ महिन्याच्या सुमारास गावोगावी एक तक्रार हटकून ऐकू येते. परसातील अथवा मळ्यातील टोमॅटोच्या झाडांची पाने हिरवीगार असतात, फळेही भरपूर लागलेली असतात. पण पहिल्या घोसाकडे पाहावे तर एकही फळ धड नसते. एखाद्याच्या बुडाशी खडबडीत तपकिरी व्रण व खोल खाचा, एखाद्याच्या अंगाला नाकासारखा उंचवटा, एखादे दोन फळे एकत्र चिकटवल्यासारखे, तर एखाद्यावर देठापासून बुडापर्यंत गोणपाट शिवल्यासारखी उभी रेघ. अशी फळे पाहून घरची मंडळी धास्तावतात. कोणी म्हणतो रोग पडला, कोणी म्हणतो बियाणे खोटे निघाले. दुकानात चौकशी केली की एखादी बाटली हाती पडते. दोन-तीन फवारण्या होतात, पदरचे पैसे जातात, आणि पुढील घोसांची फळे चांगली आली म्हणजे त्याचे श्रेय त्या बाटलीला मिळते. वस्तुतः ती फळे बाटलीवाचूनही चांगलीच आली असती.

याच्या उलट चूकही घडते. शेजारच्या उसावर मारलेल्या तणनाशकाचे तुषार टोमॅटोवर आले, किंवा झाडात विषाणू शिरला, तरीही फळे वेडीवाकडी येतात. तेथे 'थंडीमुळे झाले असेल' म्हणून स्वस्थ बसल्यास पीक हातचे जाते. म्हणून अशा फळांची तक्रार आली असता ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने औषधाचे नाव सांगण्यापूर्वी विकृती कोणत्या जातीची आहे हे आधी ओळखले पाहिजे. हे ओळखणे फारसे कठीण नाही. त्यासाठी फळ कसे घडते एवढे ठाऊक असावे लागते.

गोल फळ ही माणसाची करणी

टोमॅटो, ज्यास वऱ्हाडात भेदरे म्हणतात व जुन्या पुस्तकांत वेलवांगे म्हटले आहे, त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात आहे. तेथील रानटी जातीचे फळ वाटाण्याएवढे व गोल असते आणि ते आडवे कापले असता आत दोनच कप्पे दिसतात. पुढे मेक्सिकोकडील लोकांनी मोठी फळे निवडून त्यांची लागवड वाढविली. फळ मोठे होण्याचा एक मार्ग म्हणजे आतील कप्पे वाढणे. कप्पे वाढले तसा फळाचा गोलपणा गेला. सोळाव्या शतकात युरोपात जे टोमॅटो पोहोचले ते त्या काळच्या चित्रांत चपटे व भोपळ्यासारखे धारदार दाखविलेले आढळतात. मोठे असूनही गुळगुळीत व एकसारखे फळ देणारा वाण मिळविण्यास फार काळ लागला. अमेरिकेतील ओहायो राज्यातील अलेक्झांडर लिव्हिंग्स्टन यांनी वर्षानुवर्षे निवड करून १८७० मध्ये 'पॅरागॉन' नावाचा असा वाण बाजारात आणला, व त्यानंतर गोल टोमॅटो हाच खरा टोमॅटो अशी समजूत रूढ झाली. आपल्याकडील जुन्या 'पुसा रुबी' वाणाची फळेही किंचित चपटी व थोड्या धारा असलेलीच असतात. तो दोष नव्हे, वाणाचा स्वभाव आहे. चपटेपणा किंवा हलक्या धारा यांबद्दल तक्रार आल्यास प्रथम वाणाचे नाव विचारावे.

कळीतच ठरणारा आकार

फळाचा आकार फळ लागल्यावर ठरतो असा सर्वसाधारण समज आहे. तो बरोबर नाही. टोमॅटोच्या फुलाच्या मध्यभागी जो किंजपुट असतो तोच पुढे फळ होतो. किंजपुट हा अनेक किंजदले एकमेकांस जुळून बनतो व प्रत्येक किंजदलाचा फळात एकेक कप्पा होतो. हे जुळणे फूल उमलण्यापूर्वी सुमारे तीन आठवडे, कळी शेंड्यात टाचणीच्या डोक्याहूनही लहान असताना चाललेले असते. त्या दिवसांत रात्रीचे तापमान १२ अंश सेल्सिअसच्या खाली सलग काही दिवस राहिले तर वाढ मंदावते, पण शेंड्यावरील वाढीचा बिंदू रुंद होत राहतो आणि नेहमीपेक्षा अधिक किंजदले तयार होतात. ती सारी एकमेकांस नीट जुळत नाहीत. किंजपुटाचे टोक पूर्ण मिटत नाही, आणि फळ फुगू लागले की ती न मिटलेली जागा ताणून तेथे बुचासारखी कोरडी, तपकिरी साल धरते. फळाच्या बुडाशी दिसणारा ओबडधोबड व्रण तो हाच. परदेशी लोक या विकृतीस मांजराच्या तोंडाची उपमा देतात. ज्या वाणांत मुळातच कप्पे पुष्कळ, म्हणजे मोठ्या व गरदार फळांचे वाण, त्यांत ही विकृती अधिक. लांबट किंवा अंडाकृती फळांच्या, दोन-तीन कप्प्यांच्या वाणांत ती क्वचितच दिसते.

ही गोष्ट झाडावर पडताळून पाहता येते. टोमॅटोच्या साध्या फुलास पाच-सहा पाकळ्या असतात, मोठ्या फळांच्या वाणात एखादी अधिक. थंडीने बिघडलेल्या फुलास दहा, बारा किंवा त्याहूनही अधिक पाकळ्या मोजता येतात. मधली पिवळी नळी चपटी व रुंद दिसते आणि देठ पट्टीसारखा जाड असतो. दोन-तीन फुले एकत्र चिकटल्याचा भास होतो. अशा फुलाचे फळ सरळ येणार नाही हे उमलत्या दिवशीच सांगता येते. शेतकरी भगिनींनी परसातील झाडांवर पाकळ्या मोजून पाहाव्यात. एकदा हे डोळ्यांनी पाहिले की फवारणीची घाई आपोआप कमी होते.

तारखेचा हिशेब मात्र उलटा करावा लागतो. थंडीच्या दिवसांत फूल उमलल्यापासून फळ पिकण्यास ५० ते ६० दिवस लागतात. २० फेब्रुवारीस तोडलेले फळ ५५ दिवसांचे धरले तर त्याचे फूल २७ डिसेंबरच्या सुमारास उमललेले असते, आणि त्या फुलातील किंजदले ६ डिसेंबरच्या आसपास जुळत होती. म्हणजे फेब्रुवारीतील फळाचा जाब डिसेंबरच्या आरंभीच्या थंडीस विचारावयाचा. नाशिक जिल्ह्यातील निफाडसारख्या भागात त्या काळात पारा १० अंशांच्या खाली वारंवार जातो हे सर्वश्रुत आहे.

उन्हाळी पिकात तर हा हिशेब अधिकच फसवा ठरतो. डिसेंबरच्या मध्यास रोप टाकले, जानेवारीच्या मध्यास लावणी केली व फेब्रुवारीत पहिला घोस फुलला, तर त्या घोसाच्या कळ्या जानेवारीच्या थंडीत घडलेल्या असतात. त्याची फळे हाती येतात मार्च-एप्रिलच्या उन्हात. त्या वेळी थंडीची आठवण कोणालाही राहत नाही आणि दोष उन्हाला किंवा बियाण्याला लागतो. वेडीवाकडी फळे केवळ पहिल्या एक-दोन घोसांत आणि त्यावरील फळे सरळ, असे आढळल्यास थंडीचेच कारण धरावे व पुढे काही करू नये.

जे करावयाचे ते आधी, रोपवाटिकेत. थंडीच्या लाटेत रोपांच्या वाफ्यांवर संध्याकाळी कामट्यांच्या आधाराने गोणपाट, प्लॅस्टिकचा कागद किंवा उसाचे पाचट घालावे व ऊन पडताच ते काढावे. दिवसाही झाकून ठेवल्यास रोपे पिवळी व लांबुडकी होतात. विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट असते. थंडी पडण्याची चिन्हे दिसताच रात्री अथवा पहाटे ते हलके द्यावे. लावणीनंतर युरियाचा मारा करणे आणि बगलफुटी एकाच दिवशी साफ खुडून टाकणे या दोन्ही सवयी ही विकृती वाढवितात. बगलफुटी लहान असताना दर आठवड्यास थोड्याथोड्या काढाव्यात. पहिल्या घोसात स्पष्ट विकृत दिसणारी फळे गोटीएवढी असतानाच खुडावीत, म्हणजे त्यांवर खर्च होणारे अन्न शेजारच्या चांगल्या फळांस मिळते.

नाक, शिवण आणि पोकळ फळे

नाक फुटलेले फळ पाहून मुले हसतात व मोठी माणसे चिंता करतात. मुलांचेच बरोबर आहे. कळी घडत असताना दिवसाचा उष्मा ३२ अंशांच्या वर आणि रात्रही गरम राहिली म्हणजे एखाद-दुसऱ्या किंजपुटात एक जादा किंजदल सुटे वाढते व तेच नाकासारखे अथवा शिंगासारखे बाहेर येते. झाडावर अशी दोन-चार फळेच असतात. त्यावर उपाय नाही व उपायाची गरजही नाही.

उभ्या शिवणीचे कारण निराळे. फुलातील पिवळ्या नळीचा, म्हणजे परागकोशांचा, एखादा तुकडा कोवळ्या किंजपुटास चिकटून राहतो आणि फळ फुगताना त्याचा ओरखडा सालीवर लांबत जातो. बारीक आडव्या टाक्यांमुळे ती रेघ हुबेहूब शिवणीसारखी दिसते. कधी त्या रेघेत छिद्र राहून आतील कप्पा उघडा पडतो. अशा छिद्रांतून किडी व बुरशी शिरते. ती फळे आधी खाऊन टाकावीत, साठवू नयेत.

बाहेरून कोनदार, दाबलेल्या डब्यासारखी व हाती हलकी लागणारी फळे कापली असता आत पोकळी दिसते. येथे दोष परागीभवनाचा असतो. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, परंतु पराग नळीच्या आत असतो आणि तो खाली पडण्यास हादरा लागतो. वारा तो देतो. काही रानमाश्या व भुंगे फुलास धरून पंखांच्या स्नायूंनी गुणगुणतात त्यानेही पराग गळतो. मधमाशीस ही कला साधत नाही. भिंतीच्या आडोशास, दाट सावलीत, सलग ढगाळ हवेत, किंवा रात्री फार थंड वा फार उष्ण असताना पराग कमी तयार होतो अथवा गळत नाही. मग काही कप्प्यांत बी धरते व काहींत धरत नाही. बी असलेली बाजू भरते, दुसरी मागे राहते. परसबागेतील झाड दिवसातून सहा तास तरी ऊन मिळेल अशा जागी असावे. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास आधाराच्या काठीला बोटाने दोन-चार टिचक्या माराव्यात, एवढे पुरते. फळे धरावीत म्हणून मिळणारी संजीवके फुलांवर मारल्यास फळ धरते खरे, पण मात्रा जरा अधिक झाली की फळाचे बूड चोचीसारखे टोकदार होते व आत पोकळी राहते.

तडकलेली फळे या प्रकारात मोडत नाहीत. पाण्याची ओढ पडून नंतर एकदम भरपूर पाणी मिळाले म्हणजे साल फाटते. पाण्याच्या पाळ्या नियमित ठेवणे व आळ्यात पालापाचोळा पसरणे हाच त्यावरील उपाय.

जेथे स्वस्थ बसू नये

टू-फोर-डी हे तणनाशक ऊस, ज्वारी, गहू यांतील रुंद पानांच्या तणांसाठी वापरले जाते. टोमॅटो स्वतः रुंद पानांचा, आणि या औषधास अतिशय नाजूक. शेजारच्या शेतातून वाऱ्याने आलेले तुषारही त्यास पुरतात. इस्टर प्रकारच्या औषधाची तर उन्हात वाफ होऊन ती दूर जाते. झाडाचे कोवळे शेंडे पिळवटतात, देठ खाली वळतात, नवी पाने अरुंद होऊन त्यांच्या शिरा जवळजवळ समांतर दिसतात, खोडावर गाठी येतात किंवा ते तडकते. फळे लांबुडकी, टोकदार किंवा हृदयाच्या आकाराची होतात. थंडीने बिघडलेल्या झाडाची पाने चांगली असतात, हा दोहोंतील मुख्य भेद ध्यानात ठेवावा.

नुकसान कोठून आले हे ओळींवरून कळते. बांधालगतच्या ओळी अधिक बिघडलेल्या व आत जावे तसा बिघाड कमी, असे दिसले तर औषध शेजारून आले. पण पुष्कळदा बिघाड बांधाशी संबंध न ठेवता, स्वतः शेतकऱ्याने ज्या ओळीपासून बुरशीनाशकाची फवारणी सुरू केली तेथे सर्वाधिक आढळतो. याचा अर्थ एवढाच, की त्याच पंपाने पूर्वी तणनाशक मारले होते आणि पंप नीट धुतला नव्हता. शेजाऱ्याशी भांडण उकरण्यापूर्वी कार्यकर्त्याने दोघांसही सोबत घेऊन ओळी फिरून पाहाव्यात. या एका फेरीने पुष्कळ तंटे टळतात. तणनाशकासाठी पंप निराळाच ठेवावा. वारा सुटलेला असताना ते मारू नये. औषध उडालेल्या झाडांची फळे खाण्यासाठी वा विक्रीसाठी तोडू नयेत.

विषाणूची लक्षणे विखुरलेली असतात. एक झाड येथे, दोन तेथे, आणि दर आठवड्यास संख्या वाढत जाते. झाड खुजे राहते, पाने चुरडतात, त्यांवर हिरवे-पिवळे ठिपके किंवा जाळी दिसते, फळांवर उंचवटे वा कडी उमटतात व रंग सर्वत्र सारखा भरत नाही. २०२० च्या उन्हाळ्यात पुणे, अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) व नाशिक जिल्ह्यांच्या काही भागांत फळांवर लाल, पिवळे व हिरवट पट्टे पडून शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले होते. तेथील नमुने बंगळूर येथील भारतीय बागवानी संशोधन संस्थेत तपासले असता त्यांत काकडीवर्गीय मोझॅक विषाणू आढळला. विषाणू शिरलेले झाड बरे करणारे औषध नाही, हे विक्रेता काहीही सांगो, स्पष्ट सांगितले पाहिजे. पहिली काही झाडे दिसताच ती मुळासकट उपटून पुरून टाकावीत व हात साबणाने धुतल्याशिवाय निरोगी झाडांस स्पर्श करू नये. मावा व पांढरी माशी हे या विषाणूंचे वाहक. त्यांच्यापासून रोपे वाचविण्यास बारीक जाळीच्या आत रोपवाटिका करणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. पीक लागल्यावर माश्यांच्या मागे धावणे महागात पडते.

बियाण्याचा प्रश्न

सर्व झाडांवर, खालपासून वरपर्यंतच्या सर्व घोसांत, फळे पाकिटावरील वर्णनाहून निराळी येत असतील आणि पाने निरोगी असतील, तरच बियाण्याविषयी शंका घेण्यास जागा आहे. अशा वेळी पीक उपटू नये. पावती, रिकामे पाकीट व त्यावरील खूणचिठ्ठी जपून ठेवावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे पीक उभे असतानाच पाहणी होऊ शकेल. उपटलेल्या पिकाची पाहणी कोणालाही करता येत नाही.

घरचे बी धरणाऱ्यांनी एक प्रश्न नेहमी विचारलेला आहे : वेड्यावाकड्या फळाचे बी लावले तर पुढची फळे तशीच येतील काय? थंडीने, उष्म्याने किंवा परागाच्या उणिवेने झालेली विकृती बियांतून पुढे जात नाही. अधिक कप्प्यांचा स्वभाव मात्र आनुवंशिक आहे, व ज्या झाडावर वरच्या घोसांतही खाचदार फळे येतात त्या झाडाचा तो स्वभाव असण्याचा संभव असतो. म्हणून बी एकेका फळाकडे पाहून नव्हे, तर झाडाकडे पाहून धरावे. दुसऱ्या ते चौथ्या घोसापर्यंत सारखी, सरळ फळे देणारी चार-पाच निरोगी झाडे फुलोऱ्यातच दोरी बांधून राखावीत व त्यांचीच पूर्ण पिकलेली फळे बियाण्यास घ्यावीत. संकरित वाणाचे घरी धरलेले बी पुढील वर्षी एकसारखे उतरत नाही, तेव्हा तो खटाटोप सुधारित वाणांपुरताच ठेवावा.

बाजारात वेड्यावाकड्या मालास भाव पडतो हे खरे. नारायणगाव किंवा पिंपळगाव बसवंत येथे माल पाठविताना असे नग क्रेटमध्ये मिसळू नयेत, कारण दहा वाईट नगांमुळे साऱ्या क्रेटचा भाव खाली येतो. ते वेगळे काढून गावच्या आठवडे बाजारात अथवा खानावळीस द्यावेत. थंडीने वा उष्म्याने वेडेवाकडे झालेले फळ चवीस किंवा पोषणास उणे नसते. बुडाचा बुचासारखा भाग सुरीने कापून टाकावा, खाचांत माती वा अळी राहिली नाही ना हे पाहावे, आणि उरलेला गर चटणीस, सारास किंवा उन्हात वाळविण्यास बेलाशक वापरावा.